भिंगनिवासिनी बुरशीबाईंस अनावृत पत्र

श्रीमती बुरशीबाई यांस,
मुक्काम: मागून दुसरं भिंग, जुनी लेन्स, लाकडी कपाटाचा वरचा कप्पा.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या उपकारांचं ओझं आता एकट्यानं वाहवत नाही. जुने कॅमेरे आणि जुन्या लेन्स हाताळून पाहायचा छंद मला लागला, तेव्हापासून आपण माझ्या आधी सगळीकडे हजर आहात. लेन्स रशियन असो, जपानी असो की जर्मन, मी आत डोकावावं तर आपलं बिऱ्हाड थाटलेलं. भाषा, देश, किंमत, कशाचाही भेदभाव आपण केला नाहीत. या उदारतेबद्दल प्रथम आभार.

आपल्या रसिकतेलाही दाद द्यायला हवी. नव्या कॅमेऱ्याबरोबर येणारी प्लास्टिकची लेन्स रोज खांद्याला लटकते, धुळीत पडते, लोकलच्या गर्दीत चेपते. तिच्याकडे आपण सहसा फिरकत नाही. आपल्याला लागते जपलेली वस्तू: फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, चामड्याच्या केसमध्ये घातलेली, कुलपात ठेवलेली. माणसाची माया नेमकी कोणत्या कप्प्यात आहे, हे आपल्याला कसं बरं कळतं?

हेलिओस ४४-२ आपल्याला आठवत असेलच. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका पथारीवर ती मला दिसली. ५८ मिलिमीटर, एफ २, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचा शिक्का. मूळ रचना येनाच्या कार्ल झाइस कंपनीच्या बायोटारची. ती पुढे सोव्हिएत संघात उचलली गेली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर जगभर पोचली. या लेन्सवर लोक जीव टाकतात तो तिच्या पार्श्वभूमीसाठी. पानांतून झिरपणारे उजेडाचे ठिपके कडेकडे लंबगोल होत जातात आणि मधल्या माणसाभोवती सगळं झाड गरगरतंय असं वाटतं. आजच्या बहुतेक महागड्या लेन्स असं करत नाहीत, कारण शास्त्राच्या दृष्टीनं तो दोष आहे. मला तो दोष फार आवडतो.

शिवाय या लेन्स आजही चालतात, ही किती आनंदाची गोष्ट आहे! ४२ मिलिमीटरच्या आट्यांच्या या लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. मिररलेस कॅमेऱ्यातून आरसा गेला आणि काहींमध्ये ते अंतर १८ मिलिमीटरवर आलं. उरलेली जागा एका पोकळ नळीनं भरून काढली, की अर्ध्या शतकापूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते. नळीत काच नाही, तार नाही, चिप नाही. मिळते त्या पैशांत ही नळी घ्यावी आणि आजोबांच्या पेटीतली लेन्स तिच्यावर लावून पाहावी, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

तर भातकापणीच्या दिवसांत ती हेलिओस लावून मी मावळतीकडे तोंड केलं आणि खाचरातून भारे घेऊन येणाऱ्या बायकांचा फोटो काढला. आपण लगेच प्रसन्न झालात. काळा रंग राखाडी झाला, लुगड्यांचे रंग ताकात बुडवल्यासारखे फिके पडले, चेहरे दुधाळ धुक्यात गेले. एवढ्यासाठी लोक पैसे मोजून धूसर फिल्टर विकत घेतात. आपण तो फुकट दिलात, आतून बसवून दिलात आणि कधी काढावा लागू नये याचीही काळजी घेतलीत. त्या बायकांच्या चेहऱ्यावरचं ऊन मात्र आपण स्वतःकडे ठेवून घेतलंत. फोटो द्यायला गेलो तेव्हा त्यातली एक म्हणाली, "धुराचा काय हा?" आपलं नाव मी सांगितलं नाही. आपला मान राखायला हवा होता.

विक्रेत्यांशी आपण जपलेला सलोखा तर आदर्श म्हणावा असा. आपलं नाव त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. "थोडी डस्ट आहे, फोटोत येत नाही." बस्स, एवढ्यात आपला परिचय आटोपतो. दुकानदार लेन्स ट्यूबलाइटसमोर धरतो, पुढच्या काचेवर फुंकर मारतो आणि ती आरशासारखी लखलखते. समोरून आपण दिसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एका दुकानात मी मोबाइलचा टॉर्च काढला तर मालक घाईघाईनं म्हणाले, "बॅटरी मारू नका, काच खराब होते." सूर्याकडे तोंड करून फोटो काढण्यासाठी घडवलेली काच मोबाइलच्या दिव्यानं खराब होते! आपल्या अब्रूसाठी माणसं कुठवर जातात पाहा.

आपलं दर्शन कसं घ्यावं, हे नवख्या भक्तांसाठी इथे लिहून ठेवतो. लेन्सची दोन्ही झाकणं काढावीत. ॲपर्चर पूर्ण उघडावं. टॉर्च मागच्या बाजूनं धरावा आणि लेन्स जराशी तिरकी करून पुढून पाहावं. धुळीचे कण सुटे सुटे दिसतात. आपण मात्र तंतूंनी पसरता, बहुधा कडेपासून मध्याकडे. सगळ्या काचा दुधाळ दिसल्या तर तो वंगणाच्या वाफांचा थर असू शकतो आणि तो पुष्कळदा पुसून निघतो. पुढच्या काचेवर आपला एखादा तंतू असेल तर फोटोत खरोखरच काही कळत नाही. तेवढ्यापुरता दुकानदार खरं बोलतो. मागच्या काचेवर असाल तर लेन्स खाली ठेवावी आणि चहा पिऊन घरी यावं.

आपल्या आहाराबद्दल लोकांत उगाच गैरसमज आहेत. आपण काच खात नाही. बोटांच्या ठशांतलं तेल, कापडाची लव, धूळ, वंगणाचा अंश, एवढ्यावर आपला निर्वाह चालतो. इतकी साधी राहणी आणि इतकं मोठं कर्तृत्व! जेवण झाल्यावर आपण जी आम्लं मागे सोडता, ती काचेवरचं कोटिंग कुरतडतात आणि पुढे काचही. आपल्याला पुसून काढलं तरी आपली नक्षी काचेत कोरलेली राहते.

त्या कोटिंगची गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नसेल. नुसत्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. हेलिओसमध्ये सहा भिंगं चार गटांत बसवलेली आहेत, म्हणजे हवेला लागलेले आठ पृष्ठभाग. कोटिंग नसतं तर आत शिरलेल्या उजेडातला पावभागाहून जास्त वाटेतच गळला असता आणि त्यातला बराचसा आतल्या आत उड्या मारून चित्र धुरकट करत राहिला असता. १९३५ साली येनाला कार्ल झाइसमध्ये अलेक्झांडर स्मकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करायची युक्ती शोधली. जुन्या लेन्समध्ये तिरकं पाहिलं की जी जांभळी-निळसर झाक दिसते, ती ही. प्रकाशाच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा, एवढीच त्या थराची जाडी. माणसानं डोक्यानं आणि हातानं केलेल्या कामांत मला याहून नाजूक काम फारसं माहीत नाही. ते आपल्याला एका पावसाळ्याच्या न्याहारीला पुरतं.

आपण मूळच्या आमच्या, हा कोकणवासीयांचा अभिमानही मोडीत काढायला हवा. आपली कीर्ती फार दूरची आहे. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात आपण सैन्याच्या दुर्बिणी आणि तोफांची नेम धरायची उपकरणं आंधळी करून टाकलीत. बंदुकीला न भिणारे सैनिक आपल्यापुढे हतबल झाले. शेवटी मेलबर्न विद्यापीठात एथेल मॅक्लेनन यांच्यासारख्या बुरशीतज्ज्ञांना आपल्या बंदोबस्तासाठी कामाला लागावं लागलं. एवढा शोध युद्धात लढणाऱ्यांसाठी झाला, याचं दुःख नाही. आमच्यासारख्या रविवारी कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांच्या घरी मात्र आली ती सिलिका जेलची पुडी.

तरीही आपला जीव रमतो तो इथेच, हे आमचं भाग्य. हवेत ७० टक्क्यांच्या वर दमटपणा, तोही सलग काही दिवस, ऊब, अंधार, आणि न हलणारी हवा. आपण याहून जास्त काही मागत नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे सगळं घराघरात फुकट मिळतं. भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं, आणि कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये आपली पंगत बसते. ती केस कॅमेऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून शिवलेली. पावसाळ्यात तीच ओल शोषते आणि हळूहळू आत सोडत राहते. कॅमेऱ्याला मारायला एवढं सोयीचं घर दुसरं नाही.

सावंतवाडीकडे माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या वास्तव्याबद्दल आपले विशेष आभार मानायचे राहून जात होते.

मामांचा कॅमेरा यशिका मॅट १२४ जी. वर पाहायची लेन्स, खाली फोटो काढायची लेन्स, कमरेशी धरून वरून काचेत बघायचं, आणि रिळावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. त्या कॅमेऱ्यानं मामांनी पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी, बारशी, दहावी पास झालेली पोरं आणि वारल्यानंतर भिंतीवर लावायची म्हातारी माणसं टिपली. लोकांच्या घरात आजही भिंतीवर जे चेहरे आहेत त्यातले कितीतरी त्याच लेन्समधून आत गेलेले आहेत. मामा गेले, स्टुडिओ बंद झाला, कॅमेरा केसमध्ये घालून मामींनी देवाच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. मामांची वस्तू म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं. आपण तेवढ्या पुढे आलात. कुणाची परवानगी लागली नाही, कुणाच्या भावना आड आल्या नाहीत.

आणि निगेटिव्ह? त्या तर आपल्यासाठी शाही मेजवानी. फिल्मवर चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेला. लेन्सवर आपल्याला तेलाच्या डागावर भागवावं लागतं; इथे ताटच वाढलेलं. मामांनी लिफाफ्यांवर गाव, घर आणि तारीख लिहून ठेवलेले गठ्ठे मी उघडले तेव्हा नवरदेवांच्या तोंडावर आपली जाळी पसरली होती. काही लिफाफ्यांतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून एकच झाल्या होत्या. ज्या आजीचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तिचा तो एकच फोटो आपण खाल्लात, बाई. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. लेन्स मी दुसरी शोधीन. हे मी कुठून आणू?

क्षमा असावी, जरा आवाज चढला. पुन्हा आभारांकडे वळतो.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना आपण कामाला लावलंत, तेही बोलायला हवं. लेन्स उघडणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. ॲपर्चरची पानं आणि स्प्रिंगा सुट्या करणं, प्रत्येक रिंगच्या आट्या नेमक्या जिथून सुटल्या तिथूनच पुन्हा धरणं, भिंग उलटं न बसवणं, ही विद्या कुठल्या शाळेत मिळत नाही. माझ्या ओळखीचे एक कारागीर लेन्स हातात घेतात, मागून दिवा लावतात, आणि बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "वर आहे तेवढं निघेल." दोन काचांच्या मधे हवेत असाल तर आपण पुसून निघता. डाग राहिला तर राहिला. पण दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतात, त्या जोडात शिरून बसलात तर ते लेन्स बंद करून परत देतात आणि पैसे घेत नाहीत. त्यांच्या न घेतलेल्या पैशांचा हिशेब आपल्या नावावर मांडून ठेवला आहे.

उन्हाचा उपायही करून झाला. ताकुमार नावाची जपानी ५० मिलिमीटर, एफ १.४ लेन्स आहे. तिच्या काही जुन्या आवृत्त्यांत थोरियम मिसळलेली काच वापरली होती. वर्षानुवर्षं अंधारात राहिली की ती काच पिवळी पडते आणि उन्हात ठेवली की हळूहळू पुन्हा स्वच्छ होते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर माणसाला आशा वाटू लागते. आपल्या बाबतीत ऊन तेवढं दयाळू नाही. उन्हातल्या अतिनील किरणांना लेन्सची काचच बऱ्याच अंशी अडवते. वाढ थांबली तरी तंतू तिथेच आणि कोरलेली नक्षीही तिथेच. (कुणी प्रयोग करणार असेल तर लेन्सवर नजर ठेवावी. उघडी लेन्स उन्हात एका जागी एकटी सोडली, तर ती खालच्या सतरंजीला आग लावू शकते.)

आपल्यामुळे बाजारालाही बरकत आली. ड्राय कॅबिनेट नावाचं विजेवर चालणारं कपाट मिळतं. आतला दमटपणा ४० ते ५० टक्क्यांत ठेवतं. फार कोरडंही चालत नाही, वंगण सुकतं. हौशी माणसाच्या कित्येक जुन्या लेन्सपेक्षा ते कपाट महाग असतं. त्यातून कोकणात ऐन पावसाळ्यात, म्हणजे आपल्या मुख्य हंगामात, वीज जाते आणि कपाटाचं नुसतं कपाट होतं. म्हणून गरिबांसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलचे निळे खडे आणि दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ. खडे गुलाबी झाले की स्वयंपाकाचं नसलेल्या भांड्यात मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करायचे. आणि कंपन्यांची वॉरंटी? त्या कागदावर आपलं नाव असतं, पण बहुधा "यासाठी आम्ही जबाबदार नाही" या सदरात.

आपल्या नातलगांबद्दल मात्र माझ्या मनात काही कडू नाही. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवर आपल्याच कुळातल्या काहीजणी अंधारात हिरव्या उजळतात. त्यांच्यासाठी आम्ही चिखलात ट्रायपॉड रोवतो, टॉर्च विझवतो, शटर बराच वेळ उघडं ठेवतो आणि श्वास रोखून बसतो. पडलेल्या लाकडाची माती करणं हे त्यांचं काम. जंगल त्यांच्यावर उभं आहे. त्या उजेड देतात. आपण तो खाता. एका घराण्यात एवढा फरक असू शकतो, हे आमच्याकडेही दिसतं म्हणा.

आता आपल्या यजमानांविषयी दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. आपल्याला खरा आश्रय विक्रेत्यांनी दिला नाही, पावसानंही नाही. तो दिला जपणाऱ्यांनी. एक यजमान लेन्स घेतो, काचेच्या कपाटात ओळीनं मांडतो, पाहुण्यांना लांबून दाखवतो आणि किंमत वाढायची वाट बघतो. दुसरा "खराब होईल" म्हणून पोराच्या हाती देत नाही. तिसरा वडिलांची आठवण म्हणून डोळ्यांआड ठेवतो. तिसऱ्यावर मला रागावता येत नाही. माझ्या मामी त्यातल्याच. पण लेन्स उजेड आत घेण्यासाठी केलेली आहे. रिंग फिरली, हवा हलली, आठवड्यातून दोनदा ऊन-वारा लागला, तर आपलं बस्तान बसत नाही. रोजच्या वापरातल्या लेन्सवर ओरखडे येतात, रंग उडतो, धूळ जाते. त्यातली एकही गोष्ट फोटोतलं ऊन हिरावून घेत नाही. तेव्हा, यजमानहो, ती पेटी उतरवा. आज उतरवा. पोराला द्या, शेजाऱ्याच्या मुलीला द्या, हवं तर उसनी द्या. आणि त्या चामड्याच्या केसला कपाटात एकटीलाच राहू द्या.

बुरशीबाई, आपल्याला कळवायला आनंद वाटतो की मामींनी यशिका बाहेर काढली. आपण तिच्यात आहातच, पण घाईत आपली गफलत झाली. आपण वरच्या लेन्समध्ये उतरलात, जिच्यातून फक्त पाहतात. खालची, जिच्यातून चित्र फिल्मवर उतरतं, ती कारागिरांनी उघडून, दिवा लावून पाहिली. ती स्वच्छ आहे. वरच्या काचेत अंधुक दिसतं, फोकस करायला डोळे ताणावे लागतात, चालेल. १२० ची फिल्म अजून मिळते. महाग पडते, तेही चालेल.

मार्गशीर्षात मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. फोटो त्याच कॅमेऱ्यानं निघणार, निगेटिव्ह त्याच आठवड्यात स्कॅन होणार, आणि त्यांच्या प्रती तीन घरांत राहणार. आपल्याला निमंत्रण नाही. पत्रिका मिळाली नाही म्हणून रुसू नये, आणि मिळाली नाही तरी येण्याची आपली जुनी सवय या खेपेला मोडावी, ही नम्र विनंती.

कळावे. लोभ नसावा.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार